सुआ गाळलेलं गाणं

आश्विन लागला की माझी उगाचच चिडचिड होते. खरं तर रायपुरात वर्षातले एवढे चांगले दिवस दुसरे नाहीत. उकाडा ओसरलेला असतो, सकाळी स्कुटीच्या सीटवर दव सापडतं, शहराबाहेर जरा निघालं की धान पोटरीत आलेलं असतं आणि त्याचा कच्च्या दुधासारखा वास गाडीच्या खिडकीतून आत येतो. गोल बाजारात धानाच्या लोंब्यांच्या झालरी दिसायला लागतात. लोक त्या दारावर बांधतात, चिमण्या येऊन दाणे टिपतात. सगळं कसं छान असतं, आणि मी आपली भाजी निवडता निवडता कुणावर तरी करवादत असते.

यंदा निमित्त आयतंच मिळालं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला, भुलाबाई गीत स्पर्धा, लहान गट, मोठा गट. खाली टीप होती. गीते पारंपरिकच असावीत, शब्दांत बदल केल्यास गुण कापले जातील. मी मोबाइल ओट्यावर पालथा टाकला आणि वरणाला अशी फोडणी दिली की बाहेर बसलेले आमचे हे खोकायला लागले.

“का झालं वो?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. भुलाबाईचे मार्क कापून राहिले.”

त्यांना काही कळलं नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरे विचारायचे थांबतात, तसे तेही थांबले.

भुलाबाई म्हणजे आमच्या विदर्भाकडची माहेरवाशीण. भादव्याच्या पुनवेला तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, भुलोजीच्या, मातीच्या मूर्ती मांडायच्या त्या कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी पोरी एकेकीच्या घरी जमतात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. गोड का, तिखट का, ओलं का, कोरडं का. ओळखलं तरी खायला मिळतं, नाही ओळखलं तरी मिळतंच. आम्ही वर्ध्या-अमरावतीकडून रेल्वेच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या मागे इकडे आलेली माणसं. येताना पाटा-वरवंटा आणला, ज्वारीच्या भाकरी आणल्या, ही भुलाबाई आणली. भाकरी भातापुढे केव्हाच हरली. भुलाबाई अजून टिकून आहे, आणि ती टिकावी म्हणून आम्ही जे जीव तोडून करतो, त्याचंच हे सगळं रडगाणं आहे.

जुई माझ्या धाकट्या दिराची मुलगी. समता कॉलनीतल्या आमच्या घरात खाली आम्ही दोघं, वर दीर, माझी जाऊ वर्षा आणि ही. माझी स्वतःची मुलं शिकून दूर गेलेली, मी वीज खात्यातून नुकतीच रिटायर झालेली, दिराला आणि वर्षाला नोकऱ्या. त्यामुळे शाळा सुटली की ही पोट्टी खालीच. मला मोठी आई म्हणायची. मी सांगते आहे त्या आश्विनात ती पाचवीत होती.

तिची एक खोड होती. जेवता जेवता घास हातात धरून थांबायची. डोळे भलतीकडेच. भाताचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं तरी पत्ता नाही.

“जेव ना वं, काहून थांबली?”

“थांब ना मोठी आई, एक शब्द येऊन राहिला.”

अव्वा! शब्द येऊन राहिला म्हणे, जशी काही गाडीच येऊन राहिली. मी हसायचे, पण मनात म्हणायचे, येऊ दे बाई. मला आयुष्यात कधी असा शब्द आला नाही. मी बिलं तपासली. कुणाचं मीटर बंद, कुणाचा आकडा टाकलेला. त्यामुळे समोर बसून कुणाला शब्द येताना पाहणं ही माझ्यासाठी नवलाची गोष्ट होती.

ती कुठूनही वेचायची. सकाळी गल्लीत भाजीवाली ओरडायची, “ले लो पताल, धनिया”, पताल म्हणजे इकडचे टमाटे, तर हिचं दिवसभर पताल, पताल. स्टेशनातली बाई गाडी उशिरा असल्याबद्दल ज्या सुरात खेद व्यक्त करते, त्या सुरात ही आईला गृहपाठ उशिरा झाल्याबद्दल खेद व्यक्त करायची. आणि दिवाळीच्या आधी इकडे पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे वस्तीवस्तीतून, मुली-बाया सुआ नाचत येतात. टोपलीत मातीचा पोपट, तो मधे ठेवायचा, भोवती वाकून टाळ्या देत फिरायचं, आणि त्या सुआला आपलं सगळं दुखणं सांगायचं. तो म्हणे ते घेऊन उडत जातो. आदल्या दिवाळीला जुई पायरीवर बसून ते पाहत होती. तांदूळ द्यायला मी बाहेर आले तर हिचं तोंड उघडंच.

नंतर बऱ्याच दिवसांनी, मी बिछान्यावर कपड्यांच्या घड्या करत असताना, हिने विचारलं, “मोठी आई, भुलाबाईचं सासरी कोणी ऐकत नाही ना?”

“नाही ऐकत. गाण्यात तर तेच आहे सगळं.”

“मंग तिले एक सुआ देऊ का?”

“देऊन टाक,” मी म्हटलं, आणि पुढची घडी घेतली.

आता मी जेव्हा कल्पकता, सर्जनशीलता असले मोठे शब्द ऐकते, आणि हल्ली ते शाळेच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकावे लागतात, तेव्हा मला ती घड्यांची दुपार आठवते. वर्ध्याची माहेरवाशीण आणि छत्तीसगढचा पोपट, दोघांची भेट आमच्या बिछान्यावर झाली, आणि ती घालून देणाऱ्या पोरीच्या नाकाला शेंबूड होता. कुणी शिकवलं नव्हतं तिला. कुणी बक्षीस लावलं नव्हतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. एका संध्याकाळी असा कोसळला की गुढियारीच्या अंडरब्रिजखाली छातीएवढं पाणी. दीर पलीकडे अडकला. वर्षा सारखी फोन लावते, लागत नाही, लागला तर ऐकू येत नाही. तो भिजून चिंब होऊन आला तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भुलाबाईची पाळी होती, तर पोरींमध्ये उभं राहून ही म्हणते कशी,

भुलाबाई निघाली माहेराले,
गुढियारीच्या पुलाखाले पाणीच पाणी!
सासू म्हणे, वापस ये, भुलोजी म्हणे, थांबून घे,
सुआ म्हणे, पाठीवर बस ना रानी!

पोरी आधी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग अशा फिदीफिदी हसल्या आणि लगेच टिपऱ्या उचलून तेच म्हणायला लागल्या, पुन्हा पुन्हा. त्यांचं ते हसणं गाण्यात मिसळून गेलं होतं. जुईकडे बघून कुणी हसत नव्हतं, भुलाबाई पोपटाच्या पाठीवर बसली म्हणून सगळ्या हसत होत्या, आणि जुईसुद्धा. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता. यायचं कारणही नव्हतं.

मग रोज एक कडवं. सुआ भुलाबाईला घेऊन कुठे कुठे गेला! बाजारात पताल घ्यायला गेला. कोचिंग क्लासच्या खिडकीत जाऊन बसला. सासू आधार कार्ड मागते तर सुआ म्हणतो, माझा अंगठाच नाही. काही कडवी अगदी टाकाऊ होती. तिची तीच म्हणायची, “हे नाही जमलं,” आणि दुसऱ्या दिवशी ते कडवं गायब व्हायचं. त्याची कुणी चौकशी करत नव्हतं. किती चांगले दिवस होते ते, बाप्पा! वर्षा रोज सहामाहीच्या नावाने ओरडायची, पुस्तक घेऊन खाली यायची, आणि दारात उभी राहून तीही ऐकत बसायची.

मग शुभांगी वहिनींनी ऐकलं.

शुभांगी वहिनी मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज गोड, पातळ नेहमी इस्त्रीचं. त्यांना वाईट म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे. आमच्या पोरांना मराठी यावी म्हणून या बाईने उन्हाळ्याच्या सुट्टीत, पंख्याखाली घाम पुसत, फुकट वर्ग घेतले आहेत. त्यांची स्वतःची नात परदेशात. व्हिडिओ कॉलवर “हाय आजी” म्हणते आणि फोन खेळण्याच्या टोपलीत टाकून देते. मग वहिनींना तिकडचं छत दिसत राहतं. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, हसत हसत, आणि डोळे पुसले होते.

तर वहिनी एका संध्याकाळी आल्या, जुईचं कडवं ऐकलं आणि त्यांनी पोरीला कवेतच घेतलं. “मंदाताई, हे पोर म्हणजे सोनं आहे हो! रायपूरमध्ये जन्मलेली मुलगी भुलाबाईचं गाणं रचते! कोजागिरीला स्टेजवर आलंच पाहिजे.” वर्षा लाल झाली आनंदाने. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जुई वहिनींच्या कवेतून आमच्याकडे बघत होती, म्हटलं तर खूश, म्हटलं तर बावरलेली.

तिथून गाण्याला माणसं लागली. पेटी आली, तबला आला, पोरीच्या मापाची नऊवारी शिवायला टाकली. नाकापेक्षा मोती जड. तालीम आमच्याच हॉलमध्ये. वहिनी समोर खुर्चीवर, जुई सतरंजीवर. “पुलाखाले नाही बाळा, पुलाखाली.” “वापस नाही, परत.” गुढियारी नको, बाहेरच्या पाहुण्यांना कळणार नाही, नदीच्या पुलाखाली म्हणू. अंगठ्याचं कडवं नको, ते विनोदी होतं. जुई मान हलवायची. आणि मग वहिनी सुआपाशी आल्या.

“हा सुआ मात्र काढू या. भुलाबाईत पोपट नसतो असा.”

“तो मेसेज नेतो,” जुई म्हणाली.

“हो, पण तो त्यांच्या गाण्यातला आहे ना बाळा. आपल्यात नाही. आपण तिथे भाऊ घालू. भाऊ येतो माहेरी न्यायला. किती गोड!”

मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघरातून आले, हाताला पीठ तसंच. “राहू द्या ना वहिनी पोट्टीचा सुआ. का बिघडते? मला तर त्याच्याचसाठी ते गाणं आवडते.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत, फार थकवा होता. “मंदाताई, आमच्या कॉलनीतल्या एका तरी घरात पोरं मराठीत उत्तर देतात का, सांगा. आज सुआ येऊ दिला तर उद्या भुलाबाई जाईल. मग आपल्याजवळ काय राहील?”

माझा थोरला फोनवर “हाँ मम्मी, ठीक है मम्मी” करतो. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खोटं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते, मला भांडायला लागतं काय! पण ते खोटं नव्हतं. धरलं तर चावते, सोडलं तर पळते, अशी गत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले, तिसऱ्या दिवशी वर्षाच मला म्हणाली, “जाऊ द्या ना ताई, त्यांना समजते आपल्यापेक्षा.” सुआच्या जागी भाऊ आला.

जुईने विचारलं होतं मला, रात्री दूध पिताना. “मोठी आई, तिचा भाऊ तर पाण्यात अडकला असता ना? पूल तर भरलेला आहे.”

किती साधा प्रश्न. गाणं कसं उभं आहे, त्याचा कुठला खांब कशावर टेकला आहे, हे त्या एवढ्याशा जिवाला पक्कं ठाऊक होतं. आम्ही सगळे शब्द धूत बसलो होतो.

कोजागिरीला मंडळाच्या अंगणात मांडव होता. ज्वारीची धांडं इकडे कुठे मिळायची, म्हणून भुलाबाईला उसाचा मखर केला होता आणि त्याला धानाच्या झालरी बांधल्या होत्या. दूध आटत होतं, वेलचीचा वास सुटला होता, चंद्र कुठल्याशा मोबाइल टॉवरच्या मागून वर येत होता. जुईला नऊवारीत चालता येत नव्हतं. अंबाड्याच्या आकड्यांनी तिची कानशिलं ओढली गेली होती, त्यामुळे ती सारखी आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होती.

पहिली दोन कडवी सुरेख झाली. वहिनी समोरच्या रांगेत ओठ हलवत होत्या. पुलाचं कडवं आलं, तबलजीने जरा तुकडा घेतला, आणि जुईच्या तोंडून, असं आपसूक, जुनंच निघून गेलं. “गुढियारीच्या पुलाखाले.” आणि त्याच्या मागोमाग सुआही.

सगळा मांडव हसला. अहो, कौतुकाने! वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. “हाय, किती क्यूट,” मागून कुणीतरी म्हणालं. कुणी शिट्टी मारली. दहा मोबाइल वर गेले. एक काका तर ओरडले, “वन्स मोअर गुढियारी!” आणि हशा पुन्हा उसळला.

मी जुईकडे पाहत होते. तिला ते कौतुक आहे हे कसं कळावं? आठवडाभर ज्या शब्दांना नको म्हटलं, तेच शब्द निसटले, आणि क्षणात दोनशे माणसं हसली. तिने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तिचं तोंड मिटलं. तबला तसाच वाजत राहिला. मग तिने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी मायेने मान डोलावली, आणि तिने पहिल्यापासून, भावासकट, सगळं गाणं बरोबर म्हटलं. नंतर तिला शील्ड मिळाली. त्यावर लिहिलं होतं, प्रोत्साहनपर.

प्रोत्साहनपर! मला आजही तो शब्द वाचला की हसावं की रडावं कळत नाही.

तो व्हिडिओ ग्रुपांतून फिरला, नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत गेला. पुढचे कितीतरी दिवस जो पाहुणा येईल तो म्हणणार, जुई बेटा, ते पुलाखाले म्हणून दाखव ना. आधी तिने दाखवलं. मग बाथरूममध्ये जाऊन बसायला लागली. आणि पुढच्या वर्षी भुलाबाई मांडली तेव्हा मी सहज विचारलं, “जुई, यंदा कुठे जाते आपला सुआ?”

“कौन सा सुआ, बड़ी मम्मी?”

असं काही एका दिवसात होत नसेल. पण मला ते असंच आठवतं, मोठी आईची बडी मम्मी झाली ती त्या वाक्यात. मराठी टिकावी म्हणून केलेल्या त्या गाण्यानंतर ही पोरगी आमच्याशी हिंदीत बोलायला लागली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. समजतं तिला सगळं मराठी. उत्तर मात्र हिंदीत देते. हिंदीत तिच्या चुका कुणी काढत नाही.

आणि घास आता थांबत नाही. पटापट जेवते, ताट उचलते, हात धुते. वर्षा म्हणते, सुधारली. मी त्या स्वच्छ मनगटाकडे पाहत राहते.

मी कुणी शिक्षणतज्ज्ञ नाही. पण एवढ्या वर्षांत डोकं खाजवून जे कळलं ते सांगते, पटलं तर घ्या. पोरांच्या मनातून काही उगवत असतं तेव्हा त्याला पाणी घालणारे पुष्कळ भेटतात. त्याला थोडा वेळ न बघणारं माणूस लागतं. मी घड्या करत होते ना, तसं. जवळ असावं, कान उघडा असावा, पण लगेच उपटून ओंजळीत घेऊन “बघा बघा” करू नये. आणि टाकाऊ कडव्यांना टाकाऊ राहण्याची मुभा असावी. आता जुईच्या शाळेत क्रिएटिव्हिटीचा वेगळा तास आहे. त्या तासाचे प्रोजेक्ट दुकानात तयार मिळतात. थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलचा किल्ला. आया रांगा लावून घेतात, पोरांच्या हाती देतात, आणि शाळा त्यावर स्टार चिकटवते. कोणाला फसवून राहिलो आपण, सांगा बरं? मी वर्षाला हे विचारलं तर ती म्हणाली, “ताई, तिला दहावी आहे, तुम्हाला काय जाते बोलायला.” तेही खरंच आहे. पोरीला उद्या नोकरी लागली पाहिजे, आणि सुआ काही कुणाला पगार देत नाही.

तरी जीव मानत नाही. शुभांगी वहिनी परवा भेटल्या. गुडघे गेलेत त्यांचे, काठी घेऊन चालतात. मला म्हणाल्या, “जुईने पुन्हा कधी काही लिहिलं नाही का हो? माझं फार लक्ष होतं तिच्यावर.” मला वाटलं, बोलून टाकावं सगळं. पण त्या काठीवर टेकून मनापासून विचारत होत्या. मी म्हटलं, “अभ्यास असतो ना वहिनी.” आपलेच दात, आपलेच ओठ.

तर यंदा त्यांच्या गुडघ्यांमुळे लहान गटाची तयारी जुईकडे आली. तिला सगळी गाणी पाठ आहेत, एकही शब्द इकडचा तिकडे होत नाही. सहामाहीचे पेपर चालू असताना तिने होकार दिला, याचं मला खरं तर बरंच वाटलं होतं. कुठेतरी आशा होती माझी वेडी.

काल आमच्याकडे पाळी होती. चिल्लीपिल्ली जमली, त्यात समोरच्या घरातली अनू, पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेली. मी डब्यात खिरापत झाकून ठेवली आणि सोफ्यावर बसले. टिपऱ्या सुरू झाल्या. गाण्यात भुलाबाईला जेवायला वाढतात त्या जागी अनूने ठणकावून म्हटलं,

“भुलाबाईले वाढा गरम गरम मोमो!”

पोरी खिदळल्या. मी सोफ्यावरून पुढे सरकले. इतक्या वर्षांनी या हॉलमध्ये भुलाबाईला काहीतरी नवीन मिळालं होतं. मी जुईकडे पाहिलं. वाटलं, आता हिचे डोळे चमकणार.

जुईने टिपरी वर धरली. “अनू, गलत है. फिर से.”

अनूने बरोबर म्हटलं. पण मोमो तिच्या जिभेवर बसला होता, पुढच्या फेरीत पुन्हा निसटला, आणि बरोबर खाली चटणीही आली. “अनू!” जुई म्हणाली. ओरडली नाही, नुसतं नाव घेतलं. अनूचं तोंड मिटलं. ती जमिनीकडे बघायला लागली. हे तोंड मिटणं मी पूर्वी एकदा पाहिलं होतं, चंद्राच्या उजेडात, आणि आता माझाच तोल गेला.

“म्हणू दे ना वं तिले!” मी ओरडलेच. “मोमो तर मोमो! कायले अडवते लेकराले?”

जुईने माझ्याकडे पाहिलं, मग पोरींना म्हणाली, “चलो, हो गया आज का.” खिरापत ओळखून झाली, खाऊन झाली, पोरी चपला शोधायला बाहेर पळाल्या. जुई खाली बसून टिपऱ्या गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेले. राग उतरला होता, नुसतं भरून आलं होतं.

“बेटा, तू काहून असं करते? तू तर किती गाणी करायची. तुझ्या गाण्यात सुआ होता, आठवते का?”

“हव,” ती म्हणाली. आठवत होतं तिला. मग तिने टिपऱ्यांची जुडी बांधली आणि मला समजावत, अगदी शांतपणे म्हणाली, “बड़ी मम्मी, घर में तो सबको अच्छा लगता है. पर ये लाइन स्टेज पे उसके मुँह से निकल गई ना, तो सब हँसेंगे. और वो इतनी छोटी है, उसको समझ में ही नहीं आएगा कि क्यों हँस रहे हैं. अभी रोक दूँगी तो यहीं भूल जाएगी. मैं तो बचा रही हूँ उसको.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरी माया होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, तिने फिरवू दिला, आणि उद्या गणिताचा पेपर आहे म्हणून ती वर निघून गेली.

मी दार लावायला बाहेर गेले. फाटकापाशी अनू उकिडवी बसून सँडलचा पट्टा लावत होती आणि स्वतःशीच भुलाबाईच्या जेवणाचं ते कडवं गुणगुणत होती. मी दारातच उभी राहून ऐकलं. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एकही शब्द चुकला नाही.